भाच्याच्या गोळ्या इतक्यात बंद करू नका

ताई, तीन महिन्यांत भाचा सावरला म्हणून घरचे गोळ्या बंद करताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबवा त्यांना. सायकोसिसच्या, म्हणजे भास-संशयाच्या मानसिक आजाराच्या, पहिल्या झटक्यानंतर औषध साधारण वर्ष-दोन वर्षं चालतं. कानातले भासाचे आवाज थांबले म्हणजे गोळी लागू पडलीय. ती सोडली की आजार उलटायची भीती मोठी. पोरं गोळी टाळतात ती बहुतेकदा त्रासामुळे: मान आखडते, हात थरथरतात, वजन वाढतं. हे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत स्पष्ट सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. जोतिबाला जरूर न्या, फक्त गोळी चुकवू नका. ‘शेजारी माझ्यावरच बोलतात’ म्हणाला तर वाद नको. ‘भीती वाटतेय ना तुला?’ एवढंच विचारा. झोप उडाली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. अडलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास.