आधी भाडेकरू बनून चौकशी करा

अनोळखी शहरात गुंतवणूक म्हणून, भाड्यानं द्यायला पहिलं घर घेताना ‘भाव कुठे वाढतायत’ एवढंच बघावं, असा सल्ला कुणी कुणी देतं. मला ते अर्धवट वाटतं. भाव वाढतील तेव्हा वाढतील, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो.

मी तरी घेणारा म्हणून नाही, भाडेकरू म्हणून चौकशी करतो. तीन-चार एजंटांना फोन करून ‘घर भाड्यानं हवंय’ म्हणायचं. विकणारा सांगतो ते भाडं आणि हे सांगतात ते, यात चांगलाच फरक निघतो. एकाच इमारतीतल्या पाच-सहा जागा लगेच दाखवायला तयार असतील तर समजून जा, तिथं भाडेकरू सहज मिळत नाहीत. एकदा रात्री आठला एका नव्या संकुलासमोर उभं राहून मी नुसते दिवे मोजले होते. 40 खिडक्यांत 9. माहितीपत्रकात मात्र ‘प्रचंड मागणी’!

हिशेब करताना वर्षाचं भाडं 12 नव्हे, 11 महिन्यांचंच धरा. एक महिना रिकामा गेला की 8 टक्क्यांहून जास्त उत्पन्न गेलं. त्यातून देखभाल, कर, रंगरंगोटी वजा करा. शिवाय तुम्ही लांब, म्हणजे नळ गळला तरी कुणाला तरी पैसे देऊन धाडणं आलं. किमतीवर 4 टक्के दिसणारं भाडं हातात येईतो बऱ्याचदा 3 च्या आसपास उरतं.

सगळा परिसर एकाच कंपनीच्या नोकरदारांवर चालत असेल तर मी तरी जाणार नाही. आणि कागदपत्रं तपासायला वकील तिथलाच हवा, पण बिल्डरनं सुचवलेला नको.