छोट्या, शांत शहरात राहायला जायचंय – अनुभवी लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन एखाद्या छोट्या शहरात कायमचं राहायला जायचा विचार पक्का होत आलाय. माझं काम घरूनच चालतं. शांततेची ओढ तर आहेच; रात्री रहदारीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचवलं होतं, आणि आमच्याकडे मध्यरात्रीही हॉर्न थांबत नाहीत.

खरी काळजी दवाखान्याची. बाबांना रक्तदाब आहे. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. मग ही सोय घरापासून किती लांब असली तर चालेल? रात्री रुग्णवाहिका वेळेवर मिळते का?

दुसरं थोडं नाजूक आहे. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे नव्या माणसाला आपलं मानायला किती काळ जातो? आई बोलकी आहे, ती रमेल. बायको अबोल, सततच्या चौकशांनी ती कोमेजून जाईल अशी मला धास्ती वाटते.

आधी भाड्याने राहून बघावं का? तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं, मोकळेपणाने सांगा.