रेल्वे-बसने देशांच्या सीमा ओलांडल्यात? अनुभव लिहा

जानेवारीत आम्ही दोघी मैत्रिणी बँकॉकहून लाओसला जाणार आहोत, व्हिएन्टिएन आणि मग लुआंग प्रबांग. खरं तर घरापासून जमिनीवरूनच निघायची फार इच्छा होती पण मोरे-तामूवरून म्यानमार पार करून थायलंड गाठणं सध्या होण्यासारखं नाही, म्हणून बँकॉकपर्यंत विमान आणि पुढे सगळं ट्रेन नाहीतर बस. तिकिटांचा हिशोब बसतोय, धाकधूक आहे ती सीमेवर काय होईल याची. कुठलीही सीमा असू दे, वेळ किती गेला, पैसे कुठे वाचले, कुठे उगाच गेले, सगळं लिहा.

*

याच रस्त्याने आम्ही दोघं गेलोय. बँकॉकहून रात्रीची स्लीपर घ्या, हॉटेलची एक रात्र वाचते, आणि वरचा बर्थ खालच्यापेक्षा स्वस्त असतो. आता थेट व्हिएन्टिएनपर्यंत गाडी आहे (जुलै २०२४ पासून) पण आम्ही अलीकडे थायलंडच्या सीमेवरच्या नाँग खाईला उतरलो, टुकटुकने मेकाँग नदीवरच्या पुलापाशी, तिथे थायलंडचा शिक्का, मग पुलावरची बस, पलीकडे लाओसचा व्हिसा तिथल्या तिथे. फॉर्म, फोटो, डॉलर. खिडकीतल्या माणसाने हिची वीसची नोट उजेडाकडे धरली, कडेला नखाएवढी फाटलेली, तशीच परत सरकवली. एक शब्द बोलला नाही. बरं की मी डायरीच्या पानांत चार कोऱ्या नोटा सपाट ठेवल्या होत्या. तर नोटा इथूनच नीट बघून न्या, घडी पण नको.

व्हिएन्टिएनचं लाओस-चीन रेल्वेचं स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, तिथे जायचा वेळ आणि भाडं धरा. बॅगा स्कॅन करतात, आमची फळं कापायची सुरी आणि डिओचा स्प्रे दोन्ही काढून घेतलं. पण लुआंग प्रबांग दोन तासांत, पूर्वी बसने घाटातून अख्खा दिवस जायचा.

*

व्हिएतनामचा ई-व्हिसा काढणाऱ्यांनी हे नक्की वाचा. अर्जात कुठून आत येणार ते ठिकाण निवडावं लागतं. मी घाईघाईत हो ची मिन्हचा विमानतळ टाकला आणि गेलो नॉम पेन्हहून बसने, बावेत-मोक बाईच्या सीमेवर. कंबोडियातून बाहेर पडल्याचा शिक्का पासपोर्टवर बसलेला आणि समोरचे आत घेईनात. बस बाकीच्यांना घेऊन गेली, मी बॅग घेऊन उलटा चालत कंबोडियाच्या बाजूला, तिथे माझा व्हिसा एकदाच प्रवेशाचा, तो वापरून झालेला, म्हणजे पुन्हा नवीन, आणि मग नॉम पेन्हहून विमान. पंचवीस डॉलरच्या व्हिसातली एक ओळ चुकली आणि पंधरा दिवसांत काटकसर करून वाचवलेलं सगळं त्या एका दिवसात गेलं. तेव्हापासून व्हिसाचा प्रिंट हातात घेऊन एकेक शब्द बोट ठेवून वाचतो.

*

आमचा नेपाळचा अनुभव, सगळ्यात स्वस्त आणि सोपा. कल्याणला पवन एक्स्प्रेस धरली, दीड दिवसाने बिहारात जयनगर. तिथे नेपाळ रेल्वेचं स्टेशन लागूनच आहे, जनकपूरमार्गे कुर्थापर्यंत पस्तीस किलोमीटर, २०२२ च्या एप्रिलपासून ही गाडी सुरू आहे. फक्त कागदपत्रांचं बघा. मी सदुसष्ट वर्षांचा, मला आधारवर चाललं, हिचं वय बासष्ट, पासष्टच्या आत पासपोर्ट किंवा मतदार कार्डच लागतं. हिचं मतदार कार्ड आयत्या वेळी सापडेना, निघायच्या आदल्या रात्री जुन्या पासबुकात मिळालं. शंभराच्या नोटा नेल्या होत्या त्या सगळीकडे घेतल्या, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर ठरलेलाच आहे त्यामुळे घासाघीस करावी लागत नाही. जानकी मंदिरात संध्याकाळच्या आरतीला बसलो, हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

*

आम्ही क्वालालंपूरला असतो. पादांग बेसारला मलेशिया आणि थायलंड दोघांचं इमिग्रेशन एकाच स्टेशनात आहे, तिथून हात याईची गाडी. थायलंडचं घड्याळ एक तास मागे असतं, तिकिटावरची वेळ कुठल्या देशाची ते विचारून घ्या. आणि थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड (देशात शिरण्याआधी ऑनलाइन भरायचा फॉर्म) फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. जानेवारीत जाताय तर तुम्हालाही ते भरावं लागेल ताई.

*

सगळ्यांचे खूप आभार! आत्ताच डॉलर बाहेर काढून बघितले, दहाची एक नोट कोपऱ्यात चिरलेली निघाली, उद्या बदलून आणते. सुरी घरीच ठेवणार. दादा, नाँग खाई स्टेशनपासून पुलापर्यंत टुकटुकवाल्याने किती घेतले होते तेवढं सांगाल का?