कोडी सुटली म्हणून एजीआय आलं का?

चौकस
एजीआय, म्हणजे माणूस डोक्याने जे जे करतो ते सगळं करणारं यंत्र, 'उंबरठ्यावर' असल्याचं दर दोन महिन्यांनी कुणीतरी जाहीर करतं. कशावरून, एवढंच विचारायचंय.

१९६५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक आद्य संशोधक हर्बर्ट सायमननी लिहिलं होतं, वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करतील. माणूस ऐरागैरा नव्हे, पुढे नोबेल मिळालं. १९८५ येऊन गेलं.

ताजं उदाहरण घ्या. एआय-संशोधक फ्रान्स्वा शोले यांनी २०१९ मध्ये यंत्रांची बुद्धी तपासायला 'आर्क' नावाची रंगीत चौकोनांची कोडी काढली. दोन-तीन नमुने बघून नियम ओळखायचा, घोकंपट्टी चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीच्या ओ३ या एआय मॉडेलने त्यात ७५.७ टक्के मिळवले, संगणनाचा खर्च आणखी वाढवल्यावर ८७.५. लगेच ढोलताशे! मार्च २०२५ मध्ये कोड्यांची दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्यात ओ३ला पाच टक्केही जमेनात. माणसांना ती सुटत होती. ओ३ म्हणजे एजीआय नव्हे, हे शोलेंनी पहिल्या निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं, पण मथळ्यात ते कोण छापतं?

घाटावरची
चौकसराव, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच दुसऱ्या आवृत्तीत नोव्हेंबर २०२५ पर्यंत गूगलचं जेमिनी ३ डीप थिंक ४५ टक्क्यांवर पोचलं. आठ महिन्यांत! आट्यापाट्यात समोरचा पार व्हायला लागला की पाटीच मागे सरकवायची, असं चाललंय तुमचं. १९९७ ला बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह संगणकाकडून हरला तेव्हा 'बुद्धिबळ म्हणजे नुसती आकडेमोड'. २०१६ ला गो या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळातला दिग्गज ली सेडोल यंत्राकडून हरला तेव्हा 'गो हा शेवटी खेळच'. २०२५ मध्ये एआयने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सहापैकी पाच प्रश्न सोडवून सुवर्णपदकाएवढे ३५ गुण मिळवले, त्यावर काय म्हणणार?

चौकस
त्यावर 'शाब्बास' म्हणणार. पण गोचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी खेळाडूने कॅटागो या अव्वल गो-प्रोग्रामला १५ पैकी १४ डावांत हरवलं. युक्ती काय, तर त्याच्या सोंगट्यांभोवती सावकाश मोठा वेढा घालायचा. मुरलेल्या खेळाडूला हे लगेच दिसलं असतं, पण त्या प्रोग्रामला वेढा पुरा होईतो पत्ताच नव्हता. मग त्याला गो 'कळतो' म्हणायचं का?

घाटावरची
माणसं फसत नाहीत वाटतं? सोसायटीच्या ग्रुपवर रोज काय काय फॉरवर्ड होतं ते बघा एकदा.

वाचनमात्र
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

काळीपांढरी फिल्म
मी रेडिओलॉजिस्ट. २०१६ मध्ये एआयमधले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र आमच्यापेक्षा चांगलं काम करेल. तेव्हा मी एमडी करत होते, आईने घाबरून फोन केला होता. आज आमच्याकडे छातीच्या एक्स-रेवर सॉफ्टवेअर खुणा करून देतं आणि ते चांगलं आहे, रात्रपाळीत तर फारच. पण मागच्या आठवड्यात त्याने गाठ म्हणून जे दाखवलं ते पेशंटच्या शर्टाचं बटण होतं.

घाटावरची
ताई, बटणाचं मान्य. पण रात्रपाळीत आता तुमच्याकडे किती जण असतात?

काळीपांढरी फिल्म
पूर्वी दोन असायचे. आता मी एकटीच.