टीम थकली आहे: ध्यानाचं ॲप, कार्यशाळा की समुपदेशन? सल्ला हवा

धागाकर्ती

नमस्कार. मी बिलं आणि पगाराचा हिशेब पाहणारी चौदा जणांची टीम सांभाळते. गेल्या सहा महिन्यांत दोघांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागा अजून भरलेल्या नाहीत. तिसरा सहकारी नैराश्यामुळे दोन महिने वैद्यकीय रजेवर होता, तो येत्या सोमवारी परत रुजू होतोय. बाकीच्यांचं आपसातलं बोलणं जवळजवळ थांबलंय. पूर्वी एकमेकांच्या चुका गुपचूप दुरुस्त करणारी माणसं आता तीच चूक वरिष्ठांना सीसीत ठेवून मेलवर दाखवतात.

वरून थोडा निधी मंजूर झालाय. एचआरने ध्यानाचं ॲप, तणावमुक्तीची एक दिवसाची कार्यशाळा आणि फोनवरचं समुपदेशन असे तीन पर्याय दिलेत. शुक्रवारपर्यंत एक कळवायचा आहे. यातल्या कशाचा खरंच उपयोग होतो? आणि सोमवारी येणाऱ्या सहकाऱ्याशी मी काय बोलू? तो कोलमडत असतानाही मी त्याच्याकडे काम सरकवत होते, हे आता मागे वळून पाहताना दिसतं. त्याचं फार वाईट वाटतं.

प्रतिसाद १ (बारा वर्षं मनुष्यबळ विभागात)

ताई, तिन्हींतून एकच निवडायचं असेल तर समुपदेशन घ्या. त्रास होत असलेल्या माणसाला निदान कुणाशी तरी बोलता येतं. पण एवढ्याने टीम सावरेल असं धरून चालू नका.

हे मी अनुभवातून म्हणतेय, आणि अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. निबंध 2024 मध्ये आला. ॲप, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, माइंडफुलनेस अशा उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्वास्थ्यात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. स्वयंसेवेची संधी हा एकच अपवाद निघाला. पाहणी एका वेळची असल्याने ते अंतिम उत्तर नाही, पण कंपन्या ज्या भरवशाने ॲपवर पैसे घालतात तो भरवसा त्यातून मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. वेळीच न हाताळलेला कामाचा दीर्घ ताण हे मूळ, आणि खुणा तीन: शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तुमचे सीसीतले मेल मला दुसऱ्या खुणेत बसताना दिसतात. ती माणसं वाईट झालेली नाहीत.

क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी बर्नआउटची मुळं सहा ठिकाणी शोधायला सांगितली: कामाचा बोजा, त्यावरचा ताबा, मोबदला आणि दखल, सहकाऱ्यांतले संबंध, न्याय आणि मूल्यं. यातला न्यायाचा मुद्दा व्यवस्थापक हटकून विसरतात. दोघे गेले, त्यांचं काम कुणाच्या टेबलावर गेलं? आम्ही एकदा दोन आठवडे नुसतं लिहून ठेवलं, कोणतं काम कुणाकडे आलं आणि कोण किती वाजता निघालं. जे कधी नाही म्हणत नव्हते त्या तिघांकडेच सगळं साचलेलं निघालं. तुमच्याकडेही बहुधा तसंच असेल. आधी ते मोजा.

प्रतिसाद २ (या रजेतून परतलेला)

सोमवारबद्दल लिहितो, कारण मी त्या सोमवारातून दोनदा गेलोय.

पहिल्या वेळी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हेतू प्रेमाचाच होता, पण जागच्या जागी नाहीसं व्हावंसं वाटलं. मग मशीन उघडलं तर शेकडो न वाचलेले मेल. दुपारपर्यंत छातीत धडधड सुरू झाली आणि दोन महिन्यांत जे कमावलं ते हातातून निसटतंय असं वाटायला लागलं.

काही वर्षांनी दुसऱ्या नोकरीत तीच वेळ आली. तिथल्या मॅडमनी चार दिवस आधी फोन केला. विचारलं, "टीमला तुमच्याबद्दल काय सांगू आणि काय सांगू नको?" हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, बरं नव्हतं एवढंच सांगा. त्या म्हणाल्या, "जुने मेल मी चाळलेत. तुमच्या कामाचे नऊ आहेत, ते वेगळे ठेवलेत. बाकीचे उघडू नका." पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, मग हळूहळू पूर्ण वेळ. दर गुरुवारी पंधरा मिनिटं भेट, त्यात फक्त कामाचं जमतंय का एवढंच. आजाराचं मी काढलं तरच.

ताई, तुम्हाला जे वाईट वाटतंय ते त्याला सांगायचं असेल तर एका वाक्यात सांगा. मोठी माफी मागितली की समोरच्यालाच तुमचं सांत्वन करावं लागतं.

प्रतिसाद ३

मेलबॉक्सचा मुद्दा लाखमोलाचा. बाळंतपणाच्या रजेवरून आले तेव्हा माझंही हेच झालं होतं.

प्रतिसाद ४ (समुपदेशक)

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. थोडी भर घालते.

निदान करायला जाऊ नका. "तू डिप्रेस्ड दिसतोस" यापेक्षा "गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही बैठकीत बोलत नाही आहात, काही अडचण आहे का?" हे बरं, कारण ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. विचारल्यावर गप्प बसता आलं पाहिजे. बहुतेकांना तेच अवघड जातं.

समुपदेशनाची सेवा घेताना लेखी विचारा: कोण आलं, किती वेळा आलं, यातलं कंपनीला काय कळतं? फक्त एकूण आकडे कळायला हवेत, नावं नाहीत. टीमला हे स्पष्ट सांगितलं नाही तर कुणी फोन करणार नाही.

कुणी "जगून काय करायचं" अशा अर्थाचं बोललं तर विषय बदलू नका. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असं शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती खरी नाही. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरचं माणूस, डॉक्टर किंवा हेल्पलाइन, तिथल्या तिथे जोडून द्या.

प्रतिसाद ५

सगळं पटतं, पण कामाचं प्रमाण टीमलीडच्या हातात कुठे असतं? ते वरून येतं, आणि मधल्या माणसाचीही झोप उडालेली असते. त्याच्याकडे कोण बघतं?

प्रतिसाद १ (बारा वर्षं मनुष्यबळ विभागात)

रास्त प्रश्न आहे, आणि मधल्या फळीकडे खरंच कुणी बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे. ताई, ते तुम्हीही हक्काने मागा.

बोजा हातात नसला तरी ताबा बराचसा असतो. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्येच मांडलं होतं की मागणी जास्त आणि निर्णयाची मोकळीक कमी, हे मिश्रण सर्वांत थकवणारं. महिनाअखेरीची बिलं तेवढीच राहतील. पण आधी कोणतं घ्यायचं, घरून कोणत्या दिवशी करायचं, हे टीमने ठरवलं तर? रात्री सुचलेला मेल सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवायला तर कुणाची परवानगी लागत नाही.

आणि वरच्यांशी बोलताना "टीम दुःखी आहे" म्हणू नका, तास मांडा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये दाखवलं की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त असतो. तुमच्या टीमचे तास त्याशेजारी ठेवा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एचआरला समुपदेशन कळवलं, गोपनीयतेचा प्रश्न लेखी विचारला, उत्तर यायचंय. तासांची नोंद काढली. गेल्या महिन्यात चौघे 55 च्या वर होते, त्यात मी एक. तो कागद दोन रिक्त जागांच्या मागणीला जोडलाय, बुधवारी बैठक आहे.

काल त्या सहकाऱ्याला फोन केला. टीमला काय सांगू, असं विचारलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाठीचं दुखणं होतं म्हणा." मी म्हटलं, खोटं नको, 'रजेवर होता, आता आलाय' एवढंच सांगते, चालेल? चालेल म्हणाला. मग विचारलं, "माझी जागा तीच आहे ना, खिडकीजवळची?"

तीच आहे. त्याचे जुने मेल आज बसून वेगळे करतेय.