तिसरी-चौथीत इंजिनिअरिंग? तेही परिसर अभ्यासाच्या तासाला?

ताणाबाणा (धागाकर्ता)
मुलगी चौथीत आहे, सोलापुरातल्याच मराठी शाळेत. पालकसभेत एक सूचना मांडली, तर मागच्या बाकांवर हशा पिकला. म्हणून आता इथं मांडतो.

परिसर अभ्यासात जिथं विज्ञान येतं, तिथं धड्याला लागूनच एक छोटं इंजिनिअरिंगचं काम द्यावं. रोबोटचं किट नको, कोडिंगही नको. एक अडचण, थोडं साहित्य, एखादी अट आणि जमलं का नाही ते तपासायची रीत, एवढंच.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, आणि शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, पत्र्याची घरं किती आहेत ते सोलापूरकरांना सांगायला नको. उष्णतेचा धडा झाला की बुटांचे दोन खोके घ्या, वर पत्र्याचे तुकडे टाका, आत तापमापी ठेवून दोन्ही उन्हात मांडा. एक पत्रा तसाच राहू द्या. दुसऱ्याखालचं घर थंड करून दाखवायचं, खर्च वीस रुपयांच्या आत. कुणी चुना मारेल, कुणी ओलं पोतं टाकेल, कुणी खालून पुठ्ठा चिकटवेल. पत्रा का तापतो हे विज्ञान झालं. वीस रुपयांत तो कमी कसा तापवायचा, हा पुढचा प्रश्न आपण मुलांना विचारतच नाही.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2001 मध्येच शालेय विज्ञानाच्या आराखड्यात इंजिनिअरिंग आणलं. पुढं बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयानं खास प्राथमिकच्या मुलांसाठी धडे तयार केले. विचारा, कल्पना करा, आखा, बनवा, सुधारा, असा त्यांचा क्रम. 2013 मध्ये अमेरिकेतल्या नव्या विज्ञान मानकांतही तिसरी ते पाचवीच्या मुलांनी अटींसह अडचण मांडावी, दोन-तीन उपायांची तुलना करावी आणि चाचणी घेऊन सुधारणा करावी, अशी अपेक्षा आली. आपल्याकडं का नको?

द्विशिक्षकी
नको असं नाही, पण आधी वर्ग कसा असतो ते ऐका. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, आम्ही दोघं शिक्षक. मी तिसरी-चौथी एकत्र घेते. एका ओळीला भागाकार चालू असतो, दुसऱ्या ओळीला जोडाक्षरं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं म्हणणं सरळ आहे : तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि आकडेमोड यावी. माझ्या चौथीतली काही मुलं अजून ‘तापमापी’ हा शब्द अडखळत वाचतात. त्यांच्या हातात तापमापी देऊन नोंदी कशा करून घेऊ?

आणि वेळेपेक्षाही मोठी अडचण सांगते. बनवण्याच्या नादात विज्ञान हातचं जातं. तुमचाच खोका घ्या. एका गटानं चुनाही मारला, पोतंही टाकलं, वर खोका सावलीला सरकवला. तापमान उतरलं, टाळ्या वाजल्या. कशानं उतरलं? मुलं सांगतात, पांढरा रंग ऊन खातो. झाला गैरसमज पक्का! तो काढायला मला आणखी दोन तास लागणार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपोआप सुचत नाही. चाळीस मुलांत प्रत्येक गटापाशी थांबून ते कोण विचारणार?

पाबळचा विज्ञान आश्रम आठवा. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केला. हाताच्या कामातून शिक्षण यावर त्यांच्याइतका विश्वास महाराष्ट्रात क्वचितच कुणी ठेवला असेल. तरी शाळांसाठी त्यांनी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आणला, तो आठवी ते दहावीसाठी. तिसरीसाठी नव्हे.

कडकभाकरी
सोलापूर जिल्ह्यात शिक्षणावर चर्चा, दोन पोस्टी झाल्या आणि जागतिक शिक्षक पुरस्कारवाल्या डिसले गुरुजींच्या परितेवाडीचं नाव अजून निघालं नाही. धागा वाचण्यासारखा दिसतोय.

जॉबरचा पोरगा
मालक, सोलापुरात इंजिनिअर कमी पडलेत का? इथली कॉलेजं दरवर्षी बाहेर काढतात, आणि पोरं डिग्री घेऊन पुण्याची गाडी पकडतात. आता तिसरीपासूनच पुण्याची तयारी म्हणायची.

चेष्टा जाऊ द्या. माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. धोटा कशानं उडतो, धागा कुठं तुटणार, हे त्यांना मागाच्या आवाजावरून कळतं. मी तिसरीत असताना बॉबिनचे भोवरे केलेत, मोडक्या पंख्याची मोटर फिरवलीय. गल्लीतली सगळीच पोरं करायची. गरिबाच्या घरी जुगाड शिकवावा लागत नाही, तो पोटासाठीच येतो. आमच्या घरात नव्हतं ते काय? पुस्तकं नव्हती, प्रमाण मराठी नव्हती (घरात तेलुगू), अपूर्णांक समजावून सांगणारं कुणी नव्हतं. ते फक्त शाळेतच मिळणार होतं. तो तास तुम्ही खोके रंगवण्यात घालवणार असाल, तर नुकसान आमच्याच पोरांचं. साहेबाच्या पोराला शाळेनंतर ट्यूशन आहे.

ताणाबाणा
या मुद्द्याला मान आहे. पण घरात येणारं कौशल्य आणि शाळेनं त्याला विचारलेला प्रश्न, यात अंतर आहे. टर्किश टॉवेलचंच घ्या. 

पूर्व भागातल्या पोराला टॉवेलातले फासे, म्हणजे वर आलेले धाग्याचे वेढे, रोज दिसतात. ते फासे कशासाठी, हे त्याला कुणी विचारलंय? त्याच मापाचं साधं सुती कापड, टॉवेल आणि पॉलिस्टरचा तुकडा, तिन्ही मोजलेल्या पाण्यात बुडवायचे, उचलून निथळू द्यायचे, भांड्यात किती पाणी उरलं ते बघायचं. फाशांमुळं पृष्ठभाग वाढतो, मधल्या फटींत पाणी धरून राहतं. नवा कोरा टॉवेल घेतला तर गंमत येते, कारण त्यावर कारखान्यातलं फिनिशिंग असतं आणि तो सुरुवातीला पाणी नीट पीत नाही. मग एखादी मुलगी म्हणते, सगळे आधी धुऊन घेऊ. द्विशिक्षकी बाई, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तिथंच येतं. फळ्यावर लिहून नाही येत.

जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर आपल्या चादरीचं डिझाइन चालतं, ते यंत्र फ्रान्समध्ये 1804 चं. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं वापरायचं ठरवलं होतं. चादरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा अभिमान आपण सांगतो, आणि वर्गात ती चादर फक्त ‘जिल्ह्यातील प्रसिद्ध वस्तू’ एवढ्यापुरती येते.

कैचीवाला
आमचं अक्कलकोट रोडला फॅब्रिकेशनचं काम. शेडच्या कैच्या, म्हणजे छत तोलणारे लोखंडी सांगाडे, बनवतो. आयटीआय झालेली पोरं येतात, त्यांना विचारावं, कैचीत सगळे त्रिकोणच का? गप्प. वेल्डिंग सुरेख करतात, पण आडवा अँगल का टाकला ते माहीत नसतं. मग पैसे वाचवायला नेमका तोच गाळतात.

माझ्या पुतण्याला काडेपेटीच्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे दिले. चार काड्यांचा चौकोन बोट लावलं की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. चौकोनात तिरकी काडी टाकली की तोही ताठ. दहा मिनिटांचा खेळ. अरविंद गुप्तांचा आहे तो. टेल्कोतले (आताची टाटा मोटर्स) इंजिनिअर, मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 मध्ये विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात ते जाऊन राहिले आणि तिथं हे सुचलं. खर्च जवळजवळ शून्य. त्यानंतर पोरगं विजेचे टॉवर बघून त्रिकोण मोजतंय.

द्विशिक्षकी
होशंगाबादचा कार्यक्रम सहावी ते आठवीसाठी होता, आणि 2002 मध्ये सरकारनंच बंद केला. तेही सांगा.

कैचीवाला
बंद केला म्हणून त्रिकोण वाकायला लागला का, मॅडम?

दप्तराचं ओझं
मला भीती वेगळी. हे पत्र्याचे खोके आणि काड्या वर्षभरच राहतील. पुढच्या जूनमध्ये शाळेच्या फीच्या पावतीवर ‘ज्युनिअर इंजिनिअर किट’ अशी ओळ येईल, सोबत गणवेशाचा वेगळा टी-शर्ट. कोडिंगचं असंच झालं. शाळेत यंत्रं-उपकरणांची प्रयोगशाळा उभारायची केंद्राची अटल टिंकरिंग लॅब योजना 2016 ची, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि तीही सहावीपासून पुढं. माझ्या ओळखीच्या एका शाळेत थ्रीडी प्रिंटर पाहुणे आले की उघडतात, एरवी वर फुलांचं कापड.

आणि अजून एक. कार्यानुभव हा विषय होताच की. त्याची आपण राखी, आकाशकंदील आणि भेटकार्ड करून टाकली. तीच शाळा, तेच आपण. इंजिनिअरिंगचं काय वेगळं होणार? पालक रात्री दहाला पूल चिकटवत बसणार, पोरगं झोपलेलं.

ताणाबाणा
म्हणूनच घरी न्यायचं नाही, अशी अट हवी. वर्गात सुरू, वर्गातच मोडायचं. प्रदर्शन नाही, नंबर नाही. आणि कार्यानुभवात आकाशकंदील नमुन्याबरहुकूम करायचा असतो. सगळ्यांचा सारखा आला की शाबासकी. इथं सगळ्यांचा सारखा आला, तर कुठंतरी चुकलंय.

जॉबरचा पोरगा
हे बरोबर बोललाव. पण वेळ? एक तास काढा म्हणालात तर भाषेचा जाणार की गणिताचा? ते आधी सांगा, बाकीचं नंतर.

ताणाबाणा
कुणाचाच नाही. परिसर अभ्यासाच्या धड्याखालचा स्वाध्याय काढा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, त्या जागी. महिन्यातून एकदा. आणि मापं घेणं, नोंदी लिहिणं, वजाबाकी करणं, हे भाषा-गणितच झालं.

द्विशिक्षकी
स्वाध्याय काढणं तुम्हाला सोपं वाटतं. केंद्रप्रमुख वह्या बघतात, खोके बघत नाहीत.

तरी सांगते. आनंददायी शनिवारी, म्हणजे दप्तराविना उपक्रमांच्या दिवशी, टॉवेलचं करून बघता येईल, कारण त्यात तापमापी नाही आणि ऊनही नाही. तिसरीच्या मुलांना मी बुडवायला लावेन, चौथीची वाचून नोंद करतील. पण त्याला इंजिनिअरिंग म्हणणार नाही, आणि सगळ्या शाळांना सक्ती केली तर विरोधच करेन. दोन शिक्षकी शाळेला तिसरा शिक्षक द्या, मग हा धागा पुन्हा वर काढा.

आकारिक नोंदवहीत (वर्षभराच्या मूल्यमापनाच्या वहीत) लिहायचं कशाखाली, तेवढं कुणी सांगा. ‘प्रात्यक्षिक’ की ‘उपक्रम’? ज्या गटाचा टॉवेल हरला पण कारण बरोबर सापडलं, त्याला जास्त गुण द्यायचेत मला.

कडकभाकरी
‘प्रात्यक्षिक’ लिहा. ‘उपक्रम’मध्ये फोटो मागतात.

कैचीवाला
मॅडम, टॉवेलचे कटपीस लागले तर मित्राच्या कारखान्यात पडून असतात, पाठवतो. तेवढी व्हॉल्व्ह ट्यूब कुठं मिळते ते कुणाला माहीत आहे का? सायकलवाल्याकडं गेलो तर म्हणाला, आता कोण वापरतंय.