मानवंदना ठीक, पण त्याआधीचं काय?
पोलीस दलातल्या कुत्र्यांना मरणानंतर मानवंदना देतात, त्यावर ‘मेल्यावर मानवंदना देऊन कुत्र्याला काय कळणार?’ असं कुणीतरी विचारलंय. त्याला नाहीच कळणार. पण त्याच्या हँडलरला, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाला, कळतं की! मला मात्र या कुत्र्यांचे निवृत्तीनंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. २६/११ ला मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर नंतर विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले. २०१६ मध्ये चौघंही गेले, सीझर सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरात. सीएसटी स्टेशनवर हातबॉम्ब हुंगून काढणारा तो हाच. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी गाजलेल्या झंजीर या पोलीस कुत्र्याला २००० साली सरकारी इतमामात निरोप मिळाला; त्याला फुलं वाहणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. सीझरचा सहसा कुणी पाठवत नाही.